उंबऱ्याबाहेरचा चहा

खोटं बोलायची सुवार्ताला सवय नव्हती, म्हणूनच ते तिच्या तोंडून इतकं बेमालूम निघालं. सराईत माणूस निदान आवंढा तरी गिळतो, हिने तेवढंही केलं नाही. कुरझेंडीत हातपंपाजवळ एक ओटा आहे. अख्ख्या गावात मोबाइलला रेंज मिळते ती तिथेच, तीसुद्धा तालुक्याच्या गावाच्या, मूलच्या दिशेने तोंड करून उभं राहिलं तर. जानेवारीतल्या एका रविवारी त्या ओट्यावर उभी राहून ती श्रीरामपूरला आईशी बोलत होती. आई म्हणाली, "टीव्हीवर दाखवलं, तिकडे वाघाने आणखी एक बाई नेली. तू त्या रानातून एकटी जातेस का गं?" आणि सुवार्ता म्हणाली, "एकटी कुठे जाते, आई? मंगली असते की बरोबर."

आता मंगली नावाची कोणी खरंच बरोबर असती तर प्रश्नच नव्हता. पण मंगलीला सात वर्षांपूर्वी वाघाने नेलं होतं, त्याच रानात, त्याच वाटेवर.

सांगायचं तर नीट सांगायला हवं. सुवार्ता पारधे, वय एक्केचाळीस, शिकलेली नर्स. नगरच्या एका दवाखान्यात पंधरा वर्षं नोकरी केली. मग एक दिवस तिने घरी जाहीर केलं की देव मला तिकडे बोलावतोय. 'तिकडे' म्हणजे मूलच्या पुढे, गडचिरोलीच्या हद्दीला टेकलेलं हे कुरझेंडी गाव निघालं. मिशनचा दोन खोल्यांचा दवाखाना, एक पलंग, आणि लाइट असली तर चालणारा एक फ्रीज. आईने तीन दिवस अबोला धरला आणि चौथ्या दिवशी स्वतःच बॅग भरून दिली. निघताना सुवार्ता मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, "देव आहे ना माझ्याबरोबर, मग भ्यायचं कशाला?" हे वाक्य ध्यानात ठेवा. कारण तीन वर्षांनी आईने बरोबर कोण असतं म्हणून विचारलं, तेव्हा हिच्या तोंडी देवाचं नाव आलं नाही, एका मेलेल्या बाईचं आलं. फोन ठेवल्यावर तेच तिला डाचत राहिलं.

ती वाट कुरझेंडीहून टेंभुरटोल्याला जाते. चार किलोमीटर, सगळं सागाचं आणि मोहाचं रान, मध्ये एक नाला. डांबरी रस्त्याने जायचं तर एकोणीस किलोमीटरचा वळसा आणि दिवसाला एकच बस, म्हणून लोक पायीच जातात, दोघंतिघं मिळून, मोठमोठ्याने बोलत. वाटेच्या बरोबर मध्यावर काटक्यांचा एक ढीग आहे, चांगला छातीएवढा. मंगली तिथे गेली. ती कुरझेंडीची सून. मोहफुलं वेचायच्या दिवसांत माहेरी, टेंभुरटोल्याला निघाली होती, ती माहेरी पोचलीच नाही. तेव्हापासून त्या वाटेने जाईल त्याने एक वाळकी काडी उचलायची, ढिगावर ठेवायची आणि मागे न बघता चालू लागायचं. काडी ठेवली की वाघ मागे येत नाही, आणि मंगलीही येत नाही. नाही ठेवली तर मंगली सोबतीला लागते, कारण तिचं माहेर गाठायचं राहिलंय.

हे सगळं सुवार्ताला पहिल्याच आठवड्यात दीपिकाने सांगितलं होतं. दीपिका रामटेके ही गावातली आशाताई, सव्वीस वर्षांची, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. "सिस्टर, भूतबित काई नसते. मी तं असलं काईच मानत नाई," ती म्हणाली. "पन काडी ठेवून देत जा."

"मानत नाहीस तर ठेवतेस कशाला?"

"ठेवून द्याची. काडीले काय वजन असते का!"

सुवार्ताने ठेवली नाही. ज्याच्या भरवशावर घरदार सोडून आलो, त्याचा भरवसा असताना काडीचा आधार कशाला घ्यायचा, असा तिचा साधा हिशेब. लोकांच्या देवांना ती कधी नावं ठेवत नसे. लोक तिच्याकडून औषध घेत, ती प्रार्थना करायची तेव्हा मान खाली घालून उभे राहत आणि मग आपापल्या देवाकडे जात. पण स्वतःपुरतं तिने ठरवलं होतं, काडी ठेवायची नाही. बरोबरच्या बाया ठेवायच्या, ही बाजूला उभी राहायची.

पोळ्यापासून मात्र तिला एकटीलाच जावं लागायला लागलं. टेंभुरटोल्यात मुखरूभाऊ म्हणून एक म्हातारा होता, साखरेचा आजार, पायाला जखम झालेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार ड्रेसिंग केलं नाही तर पाय कापायची पाळी येणार. त्याला मोटरसायकलवर बसवत नव्हतं आणि दर खेपेला सोबत कोण देणार! म्हणून दहाला निघायचं, बाराच्या आत काम उरकायचं आणि उन्हातच परत यायचं. त्या वाटेवर आणि त्या दारात पुढे जे झालं, ते सगळं भर उन्हात झालं. रात्रीची भीती माणूस झोपेवर, अंधारावर ढकलू शकतो, उन्हातली कुठे ढकलायची?

तर ते खोटं. आईच्या जिवात जीव आला. "कशी आहे गं मंगली?" तिने विचारलं. आणि खोट्याचं असं असतं की पहिलं बोलून झालं की दुसरं आपण होऊन तोंडाशी येतं. उंच आहे, सुवार्ता म्हणाली, कमी बोलते. डोक्यावर टोपली असते. रान सगळं पाठ आहे तिला. हातपंपावर हंडा भरणारी दीपिका हे ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने एवढंच विचारलं, "कोनती मंगली, सिस्टर?" सुवार्ताचा चेहरा गोरामोरा झाला. दीपिकाने हंडा उचलला आणि ती घराकडे निघाली.

दर रविवारी दुपारी दोनला, चर्चहून येऊन जेवण झालं की, आई फोनवर प्रार्थना करायची. त्यात आता मंगली आली. "हे प्रेमळ पित्या, माझ्या सुवार्ताला आणि त्या मंगलीला रानातून सुखरूप ने. त्या लेकरालाही कोणी नाही असं सुवार्ता सांगते. तिला तिच्या घरी पोचव. येशूच्या नावाने मागते, आमेन." सुवार्ता इकडून आमेन म्हणायची. म्हणताना जीभ जड व्हायची, पण म्हणायची.

पावलं तिने पहिल्यांदा ऐकली ती त्यानंतरच्या बुधवारी.

त्या दिवसांत सागाची पानं गळून वाटेवर त्यांचा थर बसलेला असतो आणि पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. सुवार्ता नाला ओलांडून चढावर आली. तिची पावलं वाजत होती, आणि त्यांच्या मागे, दहाबारा हातांवर, आणखी पावलं वाजत होती. ती थांबली. मागचं एक पाऊल जास्तीचं वाजलं आणि मग थांबलं. तिने वळून पाहिलं. रिकामी वाट, वर ऊन, एक पान गरगरत खाली येत होतं. "कोण आहे?" तिने विचारलं. मग स्वतःलाच हसू आणून म्हणाली, "काही नाही, रान आहे, वाजतंच." ढिगाजवळून ती भराभर पुढे गेली, नेहमीसारखी काडी न ठेवता.

परत येताना तिला ती काडी दिसली. ढिगावरच्या सगळ्या काटक्या वाळलेल्या, पांढुरक्या. त्यांच्यावर अगदी वरती एक हिरवी काडी ठेवलेली होती, नुकती मोडलेली, मोडलेल्या टोकाला चीक अजून ओला. सकाळी ती तिथे नव्हती. सुवार्ता त्या काडीकडे बघत उभी राहिली. त्या दिवशी त्या वाटेने दुसरं कोणी गेलं नव्हतं, याची तिने त्या संध्याकाळी कुरझेंडीत आणि शुक्रवारी टेंभुरटोल्यात विचारून खात्री करून घेतली.

शुक्रवारीही तसंच झालं. पुढच्या सोमवारीही. जाताना मागे पावलं, येताना ढिगावर एक हिरवी काडी. येताना मात्र मागे काही वाजायचं नाही.

मनातल्या मनात तिने त्याला नावं दिली. वारा, वानरं, माझेच कान. मेलेलं माणूस देवाच्या ताब्यात असतं, ते वाटेवर हिंडत नसतं, हे तिने इतरांना शंभरदा सांगितलेलं. स्वतःला सांगताना ते पटेना. वाटेला लागली की ती मोठ्याने गाणं म्हणायची, आणि गाण्याच्या दोन ओळींच्या मध्ये कान मागे लावायची. देवावर भरवसा ठेवणाऱ्या बाईने असं चोरून ऐकावं याची तिला लाज वाटायची. पण ऐकल्याशिवाय राहवत नव्हतं.

मग तो चहा. मुखरूभाऊची बायको मनकर्णाबाई, काटकुळी, फार न बोलणारी. ड्रेसिंग झालं की कोरा चहा आणायची, एक कप सुवार्ताच्या हातात द्यायची. फेब्रुवारीत कधीतरी सुवार्ताच्या लक्षात आलं की बाई दोन कप आणते. दुसरा कप ती दाराकडे घेऊन जाते, उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीच्या सावलीत ठेवते आणि पदर सावरून आत येते. कोणी पाहुणा असेल म्हणून सुवार्ताने वाकून पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं. कप होता, त्यातून वाफ निघत होती. इथली काही रीत असेल असं समजून तिने तो विषय सोडला. तीन वर्षांत इतक्या रीती पाहिल्या होत्या की एकेकीचं कारण विचारत बसलं तर दवाखाना कधी चालवायचा!

हे तिने दीपिकाला सांगितलं ते मार्च संपता संपता, गोळ्यांची पाकिटं लावताना, गंमत म्हणून. दीपिकाचा हात थांबला.

"कोनाच्या घरी? मुखरूभाऊच्या?"

"हो. का?"

"सिस्टर, तुमाले कोनी सांगतलंच नाई का?" दीपिका तिच्याकडे बघतच राहिली. "मंगली मुखरूभाऊची पोरगी होती. एकुलती एक. त्या घरी कोनी तिचं नाव घेत नाई, मनून तुमाले मालूम नाई पडलं."

सुवार्ता खाली बसली. आईच्या समाधानासाठी आपण जिचं नाव उसनं घेतलं, तिच्याच आईच्या हातचा चहा आपण पोळ्यापासून पितोय. आणि ती आई दर खेपेला दुसरा कप कोणासाठी ठेवते, हेही आता विचारायला नको होतं. तिला वाटलं, आपण फोनवर ओरडून बोलतो ते कोणीतरी टेंभुरटोल्याला पोचवलं असणार. सिस्टर खोटं बोलणार नाही, असा लोकांचा विश्वास. म्हातारीने ते खरं मानलं, आपली मेलेली लेक सिस्टरबरोबर दारापर्यंत येते म्हणून. सुवार्ताला स्वतःची शिसारी आली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आईचं पार्सल आलं. दीपिकाने ते मूलहून आणलं. आत सुवार्तासाठी सांडग्यांचा डबा आणि एक हिरवी साडी, काठाला पिवळी वेल. चिठ्ठीत लिहिलेलं, "मंगलीला दे. तिला म्हणावं, तुझे उपकार आहेत." त्याच्या आदल्या रविवारी आई फोनवर बोलली होती तेही काही बरं नव्हतं. "येत्या रविवारी तिला फोनवर दे. मला तिचा आवाज ऐकायचाय. मला काहीतरी लपवल्यासारखं वाटतं गं. नाही दिलास, तर मी मिशनच्या साहेबांना भेटते आणि तुला नगरला परत बोलवायला लावते. माझं वय बहात्तर आहे. माझा शब्द ते मोडायचे नाहीत." आणि ते खरोखरच मोडले नसते. सुवार्ता गेली असती तर मुखरूभाऊचा पाय गेला असता, आणि दवाखान्याला कुलूप लागलं असतं.

"त्यात काय एवढं?" दीपिका म्हणाली. "मी बोलते न. हाव आजी, मी मंगली, तुमी कायजी नका करू. एवढंच तं मनाचं आहे. तुमच्या मायले कोठी मालूम पडते!"

सुवार्ता लगेच नाही म्हणाली असती तर मी तिचं कौतुक केलं असतं. पण ती गप्प राहिली. गुरुवारचा अख्खा दिवस ती त्यावर विचार करत राहिली, आणि खरं सांगायचं तर, हो म्हणायच्या अगदी जवळ आली होती. खोटं बोलून मिळालेल्या परवानगीवर देवाचं काम करायचं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि खरं सांगून परत जायचं हेही उतरत नव्हतं. प्रार्थनेला बसली की शब्दच फुटेनात, कारण पहिला शब्द काय बोलायचा ते तिला ठाऊक होतं आणि तोच बोलायचा नव्हता.

शुक्रवारी सकाळी तिने साडी पिशवीत घातली आणि ती निघाली. मोहाची फुलं पडायला लागली होती, रानभर गोड कुबट वास. नाल्यात पाणी जेमतेम घोट्याएवढं. चढाला लागताच पावलं मागे आली. आज ती दहाबारा हातांवर नव्हती, चार हातांवर होती. सुवार्ताने गाणं म्हटलं नाही. ढिगाजवळ ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "मंगली, मी तुझं नाव घेऊन खोटं बोलले. आज तुझ्या आईला सांगणार आहे." मागे पानं एकदा चुरचुरली. मग टेंभुरटोला दिसेपर्यंत ती पावलं तिच्यामागे इतक्या घाईने वाजत राहिली की तिला वाटलं, आता आपल्याला मागे टाकून पुढे जातील.

ड्रेसिंग झालं. मुखरूभाऊची जखम भरत आली होती. मनकर्णाबाईने दोन कप आणले. सुवार्ताने आपला कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं: आईचा फोन, टीव्हीवरची बातमी, तोंडातून निसटलेलं नाव, साडी. "बाई, मला माफ करा. मी तुमच्या मुलीला ओळखतसुद्धा नव्हते. लोकांनी तुम्हाला सांगितलं असेल, ती माझ्याबरोबर येते म्हणून. ते मी रचलेलं होतं."

मनकर्णाबाई दुसरा कप हातात धरून तशीच उभी राहिली.

"मले कोनी काई नाई सांगतलं," ती म्हणाली. "तुमी फोनवर कवा बोल्ल्या?"

"जानेवारीत."

"मी तं पोळ्यापासून दोन कप ठेवून राह्यली."

खाटेवर मुखरूभाऊने डोळे मिटून घेतले.

"तुमी पह्यल्या दिवशी आल्या, तवाच मले समजलं, तुमी काडी नाई ठेवली," मनकर्णाबाई म्हणाली. "तुमच्या मांगं ते अंगनापर्यंत आली. दारापाशी थांबली. मी पाह्यलं नाई, पन माय आहो मी. मले समजते. मनून मी तुमाले कदी मनलं नाई का काडी ठेवत जा. तुमी ठेवली असती, तं ते आली नसती."

"बाई, मंगली देवाजवळ आहे," सुवार्ता कशीबशी म्हणाली.

"असन. पन मंग तुमच्या मांगून कोन चालते?"

सुवार्ताने खाली ठेवलेला कप उचलून परत ठेवला. मग मनकर्णाबाईने विचारलं, "तुमची माय तिच्यासाठी देवाले काय मागते?"

"म्हणते, मंगलीला तिच्या घरी पोचव."

मनकर्णाबाईच्या हातातला चहा बशीत सांडला. "सात वर्सं झाले," ती म्हणाली. "सारे तिले येऊ नको मनते. काड्या टाकते तिच्यावर, ते येऊ नये मनून. लोक मनते, मेलेल्याले आत घेतलं तं घर बुडते. मंग मीही भेली. माय असून बाहेरच चहा ठेवला, आत ये नाई मनलं. अन् तुमची माय, कोठची कोन, तिनं एकलीनं मनलं, घरी पोचव!" आणि ती बाई, जिला सुवार्ताने कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, हमसून हमसून रडायला लागली.

मग तिने डोळे पुसले. सुवार्ताच्या पिशवीतली साडी मागून घेतली, झटकली आणि आतल्या खोलीत चटईवर अंथरली. उंबऱ्याशी गेली. बाहेर रखरखीत ऊन होतं आणि उंबऱ्याला लागून एक कोंबडी धुळीत अंग टाकून बसली होती. मनकर्णाबाईने कप बाहेर ठेवला नाही, हातातच धरला आणि बाहेरच्या उन्हाकडे बघून म्हणाली, "ये वो माय. आत ये."

कोंबडी उठली आणि कोणाला तरी वाट द्यावी तशी बाजूला झाली. बाकी काही झालं नाही. वारा नव्हता. मुखरूभाऊ तोंडावर हात घेऊन पडला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मनकर्णाबाई कप घेऊन आतल्या खोलीत गेली, आणि तिने दार लोटून घेतलं. सुवार्ता आपली पिशवी उचलून हळूच बाहेर पडली.

परतीच्या वाटेवर तिला पहिल्यांदा कळलं की एकटं असणं म्हणजे काय. येताना मागे पावलं कधीच नसायची, पण तरी काहीतरी असायचं, ते आता नव्हतं. रान तेच, ऊन तेच, पण भरल्या घरातलं माणूस उठून गेल्यावर घर जसं होतं, तसं ते झालं होतं. ढिगाजवळ आली. तिने वर पाहिलं. हिरवी काडी नव्हती. सगळ्या वाळक्या.

म्हणजे जानेवारीपासून कोणीतरी तिच्या नावाची काडी ठेवत होतं. तिने देवाच्या भरवशावर ठेवली नाही असं म्हणायचं, आणि मागून दुसरं कोणी तिच्यासाठी ती ठेवून वाघाला परत पाठवायचं. आज ते कोणी नव्हतं.

तेवढ्यात नाल्याकडून वानराचा खकारा आला. एक, मग दुसरा, मग गप्प. वाघ चालत असला की वानर तसं ओरडतं, हे आता तिलाही कळत होतं. पायाशी एक वाळकी काडी पडली होती. ती वाकली, तिने ती उचलली. कोणी बघत नव्हतं. दीपिका म्हणाली होती तसं, काडीला वजन नव्हतं. हात ढिगापर्यंत गेला.

"देवा," ती म्हणाली, आणि पुढे काय म्हणावं तिला सुचेना. तीन वर्षं तिने तू माझ्याबरोबर आहेस असं म्हटलं होतं, पण सोबतीला दुसरं कोणीच नसताना ते कधी म्हटलं नव्हतं. "देवा, आता खरंच कोणी नाही. मला भीती वाटते. फार भीती वाटते." तिने काडी जिथून उचलली होती तिथेच खाली ठेवली आणि चालू लागली.

नाल्याच्या ओल्या वाळूत सकाळचे तिच्या चपलांचे ठसे होते. त्यांच्यावर, अगदी ठशावर ठसा, वाघाचा पंजा उमटला होता, ताजा, कडेची वाळू अजून ढासळत होती. तिला पळायचं होतं. पळाली नाही, पळायचं नसतं हे लोकांनी शिकवलं होतं. पाण्यात पाय घातला, पलीकडे गेली आणि कुरझेंडीची पहिली गवताची गंजी दिसेपर्यंत तेच तेच म्हणत राहिली, भीती वाटते, भीती वाटते. दवाखान्यात पोचल्यावर तिने दार लावून घेतलं आणि पोटभर रडली.

रविवारी दोनला ती ओट्यावर उभी राहिली. दीपिका मंगली व्हायच्या तयारीने आली होती. सुवार्ताने तिला मानेनेच नको म्हटलं.

"दे तिला फोन," आई म्हणाली.

"आई, मंगली तिच्या घरी पोचली," सुवार्ता म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं. मंगली कोण होती तेही, आपण का खोटं बोललो तेही. तुला देवाचं नाव सांगायचं धाडस झालं नाही आई, कारण माझाच त्याच्यावर तेवढा भरवसा नव्हता, हेही. पलीकडून काहीच आवाज येईना. रेंज गेली की काय म्हणून तिने फोन कानापासून दूर करून पाहिला. दोन दांड्या होत्या.

"म्हणजे मी तीन महिने एका मेलेल्या मुलीसाठी मागत होते," आई शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि उद्या तुझ्याबरोबर कोण जाणार?"

"कोणी नाही, आई. उद्या मी एकटीच."

श्रीरामपूरला शेजारच्या घरात कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता, तो इकडे ऐकू आला. सुवार्ता वाट बघत होती, आता आई परत ये म्हणेल, साहेबांचं नाव काढेल. आईने घसा साफ केला.

"डोळे मीट," आई म्हणाली. "हे प्रेमळ पित्या, माझ्या सुवार्ताला आणि..." सवयीने तिथवर आली आणि अडकली. सुवार्ताने डोळे मिटूनच ठेवले. मग आई पुन्हा बोलली, पण प्रार्थनेच्या आवाजात नाही. घरातल्या कर्त्या माणसाला एखादं काम बजावून सांगावं, त्या आवाजात बोलली.

"मंगली आता नाही. तेव्हा तूच जा हिच्याबरोबर. दहाला निघते ती. उशीर करू नकोस."